मिरचीच्या अंगचे रोगनिवारक द्रव्य

वैनगंगेच्या काठी वसलेल्या पवनीत हिवाळा सरत आला म्हणजे मिरचीचे सातरे भरू लागतात. लाल मिरचीच्या राशी मोकळ्या आवारात पसरलेल्या असतात आणि त्यांच्याभोवती नाकातोंडास फडके बांधून बसलेल्या स्त्रिया सकाळपासून देठे खुडीत असतात. देठ खुडता खुडता निवडही होऊन जाते. लालभडक, तुकतुकीत फळ एका बाजूस पडते. पांढुरके डाग पडलेले, सुरकुतलेले, आतून काळसर बुरशी धरलेले फळ दुसऱ्या बाजूस. ह्या दुसऱ्या राशीस बाजारात ‘फटकी’ म्हणतात, आणि तिला मिळणाऱ्या भावातून तोडणीची मजुरी निघाली तरी शेतकरी समाधान मानतो.

ह्या दोन राशी पाहून एक प्रश्न कोणासही पडावा. शेत एक, बी एक, खत व फवारणी एक. पुष्कळदा फांदीही एकच. असे असता एक फळ कुजते आणि त्याच्या शेजारचे शाबूत राहते, हे कसे? रोगाचे बीज एकावर पडले व दुसऱ्यावर पडले नाही, हे त्याचे एक कारण होय. परंतु तेवढेच कारण नव्हे. मिरचीचे झाड रोगापुढे निमूटपणे मान तुकवीत नाही. त्याच्या पानांत, फळांत व बियांत बुरशीस आणि किडीस अटकाव करणारी काही सूक्ष्म प्रथिने तयार होत असतात. ह्या प्रथिनांचा अभ्यास जगात अनेक ठिकाणी चालू असून त्यातील एक महत्त्वाचा भाग महाराष्ट्रातच, पुणे येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झालेला आहे. भंडारा जिल्ह्यातील मिरची उत्पादकांस ह्या कामाचा आज काय उपयोग आहे, आणि कोणता उपयोग अद्याप नाही, हे दोन्ही समजून घेणे अगत्याचे आहे.

फळकुजीचा शत्रू

ज्या रोगाने फटकीची रास वाढते, त्यास फळकुज व फांद्या वाळणे असे म्हणतात. कोलेटोट्रायकम नावाची बुरशी हे त्याचे कारण होय. मिरचीवरील ह्या बुरशीचे शास्त्रीय वर्णन १९१३ साली सिडो ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने कोइमतूरकडील नमुन्यांवरून केले. म्हणजे हा आपल्या देशात शंभर वर्षांहून अधिक काळ ओळखीचा असलेला रोग आहे. कोवळ्या फांद्या शेंड्याकडून खाली वाळत येतात. पिकलेल्या फळावर किंचित खोलगट डाग पडतो, आणि त्या डागात काळ्या ठिपक्यांची वर्तुळे एकात एक उमटलेली दिसतात. डाग पसरला म्हणजे फळाचा रंग उडून ते फटके होते.

भंडारा जिल्ह्याची हवा ह्या बुरशीस मानवते. पाऊस भरपूर, सभोवती धानाच्या बांध्या पाण्याने भरलेल्या, आणि मिरचीचा बहर ऐन भरात असताना परतीचा पाऊस किंवा पहाटेचे दाट दव. पान व फळ बराच वेळ ओले राहिले की बुरशीचे बीजाणू रुजतात. ह्याहून ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, ही बुरशी बियांतूनही पुढल्या वर्षी जाते. रोगट फळाचे बी धरणारा शेतकरी नकळत आपल्या रोपवाटिकेतच रोग पेरीत असतो.

तिखटपणा निराळा, प्रथिन निराळे

मिरचीच्या अंगी रोगनिवारक द्रव्य आहे असे म्हटले की बहुतेकांच्या मनात तिचा तिखटपणा येतो. हा समज अगदीच निराधार नाही. दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया देशात मिरचीची एक रानटी जात आढळते; तिच्यातील काही झाडांची फळे तिखट, तर काहींची सपक असतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या तेथील अभ्यासात असे दिसून आले की, रसशोषक ढेकणांनी फळास छिद्र पाडले असता त्या वाटेने फ्युझेरियम ही बुरशी आत शिरते व बियांचा नाश करते. मात्र तिखट फळांतील बियांची हानी पुष्कळच कमी होते. पक्ष्यांना तिखट लागत नाही, ते फळ खाऊन बी दूरवर टाकतात. उंदीर मात्र तिखटापासून दूर राहतात. तिखटपणा हे असे झाडाच्या बहुविध उपयोगाचे द्रव्य आहे. त्यास कॅप्सेसीन म्हणतात.

ओघाने एक गैरसमज दूर करावयास हवा. मिरचीचे बी तिखट असते असे घरोघरी मानतात. वस्तुतः कॅप्सेसीन तयार होते ते बी ज्यास चिकटलेले असते त्या आतील पांढऱ्या शिरांत; बियांस ते बाहेरून लागते एवढेच. बीचे स्वतःचे संरक्षण दुसऱ्याच द्रव्यांवर अवलंबून आहे, आणि प्रस्तुत लेखाचा विषय ती द्रव्ये हाच आहे.

डाळ, दूध, अंडी ह्यांत असणारी प्रथिने सर्वांस माहीत आहेत. अमिनो आम्ल नावाचे लहान घटक मण्यांप्रमाणे एका माळेत ओवले जाऊन प्रथिन बनते. मोठ्या प्रथिनात असे शेकडो मणी असतात. माळ आखूड असली, म्हणजे थोड्याच मण्यांची असली, तर तिला पेप्टाइड म्हणतात. वनस्पतींतील रोगप्रतिकारक पेप्टाइडांपैकी डिफेन्सिन ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गटात साधारण ४५ ते ५४ मणी असतात. त्यांपैकी आठ मणी गंधकयुक्त असून ते दोन-दोन मिळून चार ठिकाणी एकमेकांस घट्ट धरून ठेवतात. धानाचा भारा चार जागी आवळून बांधला म्हणजे जसा सहजी सुटत नाही, तशी ही माळ उष्णतेने अथवा आम्लाने सहसा उलगडत नाही.

ह्या पेप्टाइडांवर बहुधा विजेचा धन भार असतो, आणि बुरशीच्या किंवा जिवाणूच्या पेशीचे बाह्य आवरण ऋण भाराचे असते. त्यामुळे पेप्टाइड त्या आवरणाकडे ओढले जाते, त्यास चिकटते व पुष्कळदा त्यास छिद्रे पाडते. पेशीतील क्षार व रस बाहेर झिरपू लागतात आणि बुरशीची वाढ खुंटते.

ही गोष्ट प्रथम मिरचीत नव्हे, गव्हात सापडली. १९४२ साली अमेरिकेत गव्हाच्या पिठातून वेगळ्या काढलेल्या एका प्रथिनाने जिवाणू व यीस्ट मरतात असे आढळले, आणि त्यास प्युरोथायोनिन असे नाव देण्यात आले. मिरचीविषयीचा पहिला मोठा दुवा फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथून १९९६ साली मिळाला. तेथील संशोधकांनी ढोबळ्या मिरचीत डिफेन्सिन तयार करणारी जनुके शोधून काढली. ही जनुके फळ पिकू लागताच जागी होतात, तसेच फळास जखम झाली असताही जागी होतात. फळ पिकणे म्हणजे बी तयार होणे. ऐन त्याच वेळी झाड पहारा वाढविते, असा ह्याचा अर्थ.

पुढे ब्राझीलमधील कांपोस येथील विद्यापीठात मिरचीच्या बियांतून व फळांतून अशी अनेक पेप्टाइडे वेगळी करण्यात आली. त्यांपैकी काहींनी यीस्टच्या पेशींची आवरणे सच्छिद्र केल्याचे २००६ पासूनच्या प्रयोगांत दिसून आले. कोरियात तर शास्त्रज्ञांनी ढोबळ्या मिरचीतील ह्याच गटाचे जनुक मिरचीच्या झाडात अधिक जोमाने कार्य करील अशी योजना केली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात अशा झाडांच्या फळांवर कोलेटोट्रायकमचा प्रादुर्भाव कमी राहिल्याचे आढळले. आपल्या फटकीस कारण होणाऱ्या बुरशीचीच ही भावकी होय; यास्तव हा प्रयोग पवनीच्या सातऱ्यास फार दूरचा नाही.

पुण्यातील काम आणि घाटेअळी

पुण्याच्या प्रयोगशाळेने धरलेली वाट थोडी निराळी आहे. तेथे शत्रू म्हणून निवडण्यात आली ती अळी, आणि तीही अशी की भंडाऱ्याच्या प्रत्येक शेतकऱ्यास तिची ओळख करून देण्याची गरज नाही. धुऱ्यावरील तुरीच्या शेंगा पोखरणारी, हरभऱ्याच्या घाट्यात डोके खुपसून बसणारी, टमाट्यात शिरणारी अळी एकच. शास्त्रज्ञ तिला हेलिकोव्हर्पा म्हणतात, शेतकरी घाटेअळी किंवा बोंडअळी म्हणतो. ती मिरचीवर येतच नाही असे नव्हे. पण हरभऱ्यावर ती जशी माजते तशी मिरचीवर माजलेली क्वचितच दिसते. मिरचीच्या पानात तिला न मानवणारे काय आहे, असा विचार तेथील संशोधकांनी केला.

अळी पान खाते, परंतु खाल्लेले पचविण्यासाठी तिच्या आतड्यात पाचक रस लागतात. पानातील प्रथिने तोडून त्यांचे मणी सुटे करणे हे ह्या रसांचे काम. मिरचीच्या झाडात काही लघुप्रथिने अशी असतात की ती ह्या पाचक रसास जाऊन बिलगतात व त्याचे काम बंद पाडतात. कुलपात चुकीची किल्ली अडकून बसावी आणि खरी किल्ली आत जाऊ नये, तसे हे होते. अळीचे पोट भरलेले असते, पण अंगी काही लागत नाही.

राहुरीच्या कृषि विद्यापीठाने दिलेल्या ‘फुले ज्योती’ ह्या वाणाच्या पानांतून पुण्यातील संशोधकांनी अशी दोन पाचकरस-रोधक प्रथिने शुद्ध केली. त्यांचा अहवाल २००५ साली प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या पिकांवर वाढलेल्या चौथ्या अवस्थेतील अळ्यांच्या पाचक रसांचे कार्य ह्या प्रथिनांनी ६० ते ८० टक्क्यांपर्यंत रोखले. प्रयोगशाळेतील कृत्रिम खाद्यात ही प्रथिने मिसळून लागोपाठ दोन पिढ्यांच्या अळ्यांस खाऊ घातली असता अळ्यांची वाढ खुंटली, कोषात जाण्यास त्यांना विलंब लागला, आणि पुढे त्यांच्या पतंगांनी घातलेल्या अंड्यांची संख्या व ती उबण्याचे प्रमाण ही दोन्ही पुष्कळ घटली. ह्यातील शेवटची गोष्ट विशेष मोलाची वाटते. विषारी औषधाने आजची अळी मरते. येथे अळी मेली नाही तरी तिची पुढील पिढी रोडावते.

ह्याच अहवालात एक सावधगिरीची सूचनाही दडलेली आहे. अळीच्या आतड्यात पाचक रस एकाच प्रकारचे नसतात. एका प्रकारावर मिरचीची प्रथिने चांगलीच चालली, परंतु दुसऱ्या एका प्रकारच्या रसांपैकी ३९ ते ८५ टक्के कार्य त्यांना जुमानीत नव्हते. एक वाट बंद झाली तर दुसऱ्या वाटेने पोट भरण्याची सोय ह्या अळीजवळ आहे. घाटेअळी अनेक कीटकनाशकांस सरावली हे सर्वश्रुत आहे. ती ह्या प्रथिनांसही सरावणार नाही असे मानण्यास आधार नाही. त्यामुळे एकच प्रथिन न वापरता निरनिराळ्या प्रथिनांची जोड द्यावी लागेल, ह्या दिशेने पुढील संशोधन वळले.

झाडास जखमेची वार्ता कशी कळते, हाही एक मनोरंजक विषय आहे. १९७२ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या विद्यापीठात बटाटा व टमाटा ह्यांच्या झाडांवर भुंगेरे सोडण्यात आले. भुंगेऱ्याने कुरतडलेल्या पानातच नव्हे, तर त्याच झाडाच्या न कुरतडलेल्या पानांतही काही तासांत पाचकरस-रोधक प्रथिने साठू लागल्याचे आढळले. टमाटा, बटाटा, वांगे आणि मिरची ही एकाच कुळातील भावंडे. गावात एका घरी चोर शिरला की साऱ्या आळीत हाकाटी व्हावी, तसा हा प्रकार आहे.

मग फळ कुजते का?

अंगी इतकी साधने असताना मिरची कुजतेच कशी, असा आक्षेप सुज्ञ शेतकरी घेईल आणि तो रास्तच आहे. पहिले कारण असे की ही द्रव्ये झाडात अत्यल्प प्रमाणात असतात. दव, पाऊस आणि मागील वर्षीचा रोगट पालापाचोळा ह्यांमुळे बीजाणूंचा मारा झाला म्हणजे ती पुरी पडत नाहीत. दुसरे, पहारा सर्व वेळी सारखा नसतो. एखाद्या वाणात हिरवे फळ बुरशीस बळी पडते आणि तेच फळ पिकल्यावर तिला दाद देत नाही, असे कोरियातील अभ्यासात दिसले. आपल्याकडील फळकुजीत मात्र पिकलेले लाल फळच अधिक सापडते. बुरशीची जात बदलली की लढाईचा रंग बदलतो. तिसरे कारण माणसाकडे येते. पिढ्यान्‌पिढ्या मिरचीची निवड रंग, तिखटपणा, लांबी व उत्पन्न पाहून होत आली. झाडाच्या ह्या अंतर्गत शक्तीकडे पाहून निवड करण्याचे साधनच पूर्वी नव्हते. आता ते उपलब्ध होत आहे. कोणत्या वाणात ही द्रव्ये अधिक व वेळेवर तयार होतात हे प्रयोगशाळेत मोजता येते, आणि रोगास टिकणारा वाण तयार करताना त्याचा आधार घेता येतो. भिवापूरच्या मिरचीसारखे जुने स्थानिक वाण जपून ठेवण्याचे महत्त्व ह्या दृष्टीने फार आहे. ते गेले तर त्यांच्या अंगी काय होते हे कधीच कळावयाचे नाही.

पुढील उपयोगांची दिशा थोडक्यात सांगता येईल. माणसास होणाऱ्या कॅन्डिडा ह्या बुरशीच्या रोगावर नेहमीचे औषध व मिरचीतील एक पेप्टाइड एकत्र दिले असता दोहोंचा परिणाम वाढतो, असे ब्राझीलमधील प्रयोगशाळेत दिसून आले आहे. हे काम काचेच्या भांड्यातील आहे, रुग्णावरील नव्हे. शेतीपुरते बोलावयाचे तर वनस्पतीचे प्रथिन बुरशीनाशक म्हणून प्रत्यक्ष शेतात वापरण्याचे एक उदाहरण जगात आहे. ल्युपिन नावाच्या कडधान्याच्या मोड आलेल्या बियांतील प्रथिनापासून पोर्तुगालमध्ये असे औषध तयार झाले व २०१३ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. ल्युपिन हे आपल्या लाखोळीच्याच कुळातील. मिरचीच्या पेप्टाइडापासून बनविलेले असे औषध मात्र अद्याप शेतकऱ्याच्या हाती आलेले नाही. जनुक-परिवर्तित मिरचीच्या लागवडीस भारतात मान्यता नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

‘मग मिरचीचाच अर्क मिरचीवर मारला तर?’ हा प्रश्न गावोगाव कृषि कार्यकर्त्यास विचारला जातो. मिरची-लसणाचा ठेचा पाण्यात भिजवून केलेला अर्क पुष्कळ शेतकरी वापरतात. मऊ अंगाच्या किडींवर त्याचा थोडाफार परिणाम होतो तो मुख्यतः तिखटपणाचा व लसणाच्या उग्र द्रव्यांचा. पेप्टाइडांचे प्रमाण अशा अर्कात इतके अल्प असते की फळकुज त्याने आवरेल अशी आशा धरणे व्यर्थ आहे. कार्यकर्त्यांनी तसे आश्वासन देऊ नये. एका हंगामात अर्क निष्फळ ठरला म्हणजे शेतकऱ्याचा विश्वास केवळ अर्कावरून नव्हे, सांगणाऱ्यावरूनही उडतो. तसेच ‘पेप्टाइड’ असे नाव छापलेली बाटली कोणी रोगावरील औषध म्हणून दारात आणून विकू लागल्यास तिच्यावर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालील नोंदणी क्रमांक आहे की नाही, हे आधी पाहावे. क्रमांक नसेल तर बाटली परत करावी. दुकानातून घेतल्यास पक्की पावती अवश्य मागावी.

आज हाती काय आहे

झाडाच्या अंगची शक्ति वाढविणे आज शेतकऱ्याच्या हाती नसले, तरी तिच्यावरील भार कमी करणे पुष्कळ अंशी त्याच्या हाती आहे. ह्यात सर्वांत मोठी गोष्ट बियांची. बियांसाठी फळे सातऱ्यातून किंवा राशीतून उचलू नयेत. ती उभ्या पिकातून, निरोगी झाडे आधी खूण करून ठेवून, पूर्ण पिकल्यावर तोडावीत. एकही डाग असलेले फळ बियांस घेऊ नये. बी सावलीत वाळवून ठेवावे आणि पेरणीपूर्वी त्यास ट्रायकोडर्मा चोळावे. विकतचे बी घेणाऱ्याने पाकिटावरील मुदत पाहून ते जपून ठेवावे.

मिरचीच्या मागे मिरची, वांगी किंवा टमाटे एकाच जमिनीत घेऊ नयेत. ही भावंडे एकमेकांचे रोग सांभाळतात. धानाच्या बांधीलगत मिरची असेल तर पाणी झिरपून मुळाशी साचणार नाही असा चर काढावा. लावणी दाट केली म्हणजे झाडे जास्त बसतात खरी, पण आतील दव दुपारपर्यंत वाळत नाही. वाळलेले शेंडे निरोगी भागापर्यंत कापून, डागाळलेली फळे वेचून, ती शेताबाहेर नेऊन जाळावीत. वेचलेली फळे धुऱ्यावरच टाकून देण्याची सवय पुष्कळ ठिकाणी आहे, आणि तेथूनच पावसाच्या थेंबांबरोबर बीजाणू पुन्हा शेतात येतात. फवारणीची वेळ आलीच तर औषध व मात्रा साकोलीच्या कृषि विज्ञान केंद्राच्या सल्ल्याने ठरवावी आणि तोडणीपूर्वी किती दिवस थांबावयाचे ते विचारून घ्यावे.

तोडलेली मिरची उघड्या ओल्या मातीवर पसरू नये. ताडपत्री किंवा सिमेंटचे खळे वापरावे, रात्री रास झाकावी, आणि फळ वाजेल इतके वाळल्यावरच पोती भरावीत. झाडावर असताना फळ स्वतःचे संरक्षण काही अंशी करू शकते. तोडल्यानंतर ती जबाबदारी सर्वस्वी खळ्यावरील माणसाची. सातऱ्यात पोचण्याआधीच, खळ्यावर, फटकी वेगळी काढली तर तिची बुरशी चांगल्या फळांस लागत नाही आणि देठे खुडणाऱ्या बायांच्या श्वासातही ती कमी जाते.